सोळा खाचा आणि सतरावी : सोलापुरातल्या एका घरशाळेचं प्रकरण

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेल्या बाईला कुणी जिन्यात गाठून "आम्ही पोरांना शाळेतून काढलं, आता घरीच शिकवणार" असं सांगितलं की तिचं तोंड कसं होतं, ते मला आरशात न बघताही कळलं. सांगणारी वरच्या मजल्यावरची सून. कडेवर घागर, कारण पाण्याचा दिवस होता. मी "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. ही गेल्या जूनमधली गोष्ट.

ऑगस्टमध्ये तीच खाली आली. "बाई, एकदा वर येऊन बसता का? चूक माझी का पोरांची, तेवढं सांगा." त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी जे पाहिलं, वहीत लिहिलं आणि थोडीफार लुडबुड केली, त्याचं हे टिपण. तिला विचारून लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही.

घर

अक्कलकोट रोडकडची वसाहत, दोन खोल्या आणि एक माळा. नवरा यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागाचं दुखलंखुपलं बघणारा माणूस. तिथे टेरी टॉवेल निघतात. पाळी बदलती, त्यामुळे बाप कधी दिवसा झोपलेला, कधी रात्री गायब. सासूबाई, म्हणजे मुलांची नानम्मा, घरात तेलुगू बोलतात आणि जिन्यात मराठी. पूर्वी विड्या वळायच्या, हजारावर मजुरी. ती स्वतः मराठी माध्यमातली बी.कॉम., धाकटा होईपर्यंत एका दुकानाचे हिशेब लिहायची. थोरला तेव्हा साडेआठ वर्षांचा, धाकटा सहाचा. दोघं एकमेकांना नावानं कमी आणि "काय बे"नं जास्त हाक मारतात.

शाळा का सोडली? थोरला इंग्रजी माध्यमात होता. दुसरी संपेपर्यंत पानंच्या पानं धडाधड म्हणायचा. एके दिवशी आईनं पुस्तक उलटं धरून त्याच्या हातात दिलं, तरी तो म्हणतच राहिला. डबा भरलेला परत यायचा, सोमवारी सकाळी हमखास पोटात दुखायचं. पालकसभेत "घरी लक्ष द्या" एवढंच ऐकायला मिळालं. "मग म्हटलं, लक्षच द्यायचं तर पुरतंच देते," ती म्हणाली. फी हेही कारण होतं. ते ती दुसऱ्या भेटीत बोलली, जरा खाली बघून. मला त्यात खाली बघण्यासारखं काही दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली आणि मी ती वहीत घेतलीच नाही. तिला विणकामाचा नाद. नवरा कारखान्यातून कोनावर, कांडीवर उरलेलं रंगीत सूत आणायचा. लाकडी चौकटीला खिळे मारून ही त्यावर भिंतीला लावायचे पट्टे विणायची. दोन-चार विकलेही होते. जूनपासून ती चौकट माळ्यावर गेली. "आता वेळ कुठला, बाई."

पहिले तीन महिने

भिंतीवर वेळापत्रक. दहा ते साडेचार, आठ तास, मधली सुट्टी, मोबाइलवर शाळेची घंटा. प्रार्थनासुद्धा. धाकट्याला हजेरी द्यावी लागायची, पटावर दोनच नावं. मी ते बघून हसले नाही, कारण मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. शाळा म्हणजे काय, याचं आपल्या डोक्यातलं चित्र एकच असतं.

पण आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा घर सगळं सोडून भांड्यांमागे लागतं. त्या दिवशी वेळापत्रक वाहून जायचं. मग दुसऱ्या दिवशी "भरपाई" म्हणून जादा तास. बाप रात्रपाळी करून झोपलेला असला की कुजबुजत शिकवायचं. नानम्माचे टीव्हीचे सूर त्यावर. सप्टेंबर उजाडेपर्यंत थोरल्याचं पोटात दुखणं परत सुरू झालं होतं, या वेळी शाळेत न जाता.

मी तीन सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. दुसऱ्या सकाळी सहज म्हणून दहा ते अकरा या तासात "आई" ही हाक किती वेळा येते ते रेघा मारून मोजलं. एकेचाळीस. "आई, हे असंच का?" "आई, खोडरबर." "आई, बघ ना." "आई, हा बघतोय." आणि प्रत्येक हाकेला ती उठत होती. उठून, वाकून, बरोबर उत्तर देत होती.

माझ्या वर्गात चाळीस पोरं असायची. तिथे मला कुणी एवढ्या हाका मारल्या नाहीत, कारण मी मिळणारच नाही हे त्यांना माहीत होतं. अडलेलं पोर शेजाऱ्याच्या पाटीत डोकावतं, चुकीचं लिहून पुसतं, खिडकीबाहेर बघतं, मध्येच त्याचं त्यालाच सुचतं. मोठ्या वर्गाचे दोष मी कुणापेक्षाही जास्त पाहिलेत. पण दोन पोरांना एक बाई ही जी चैन आपल्याला वाटते, त्यात पोरांना अडायलाच मिळत नाही, हे मला त्या उंबऱ्यावर बसून पहिल्यांदा कळलं. निवृत्तीनंतर कळलं, असंही म्हणता येईल.

कळलं, पण वळलं नाही. मी सल्ला दिला तो अगदी सरकारी: तास पंधरा मिनिटांचे करा, शब्दपट्ट्या करा, चांगल्या उत्तराला चांदणी द्या. दोन आठवड्यांत चांदण्यांवरून मारामाऱ्या सुरू झाल्या. हाका काही कमी झाल्या नाहीत. हे अपयश माझं, तिचं नव्हे.

अकरा ते बारा

नवरात्राच्या आधी एका मंगळवारी तिनं मला न विचारता माळ्यावरची चौकट खाली काढली. पोरांना सांगितलं, "अकरा ते बारा मी माझं काम करणार. रक्त आलं किंवा आग लागली तर हाक मारा. बाकी काही विचारायचं नाही." मला हे ऐकून बरं वाटलं नाही. सहा वर्षांच्या पोराला असं तोडून बोलायचं?

पहिल्या दिवशी एक फुलपात्र चेपलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूनं रणगाडा आला. तिसऱ्या दिवशी दोघं दारात बसून आईकडे नुसते बघत होते, उपाशी मांजरांसारखे. ती मान वर करत नव्हती. तिच्या मानेवर घाम होता, ते मात्र मला दिसत होतं. चौथ्या दिवशी धाकटा सुताच्या पिशवीपाशी सरकला.

पुढचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी हजर होते. त्या दिवसांत ती गोल विणत होती. पुठ्ठ्याची वाढदिवसाची थाळी, कडेला खाचा, मध्ये भोक. प्रत्येक खाचेतून मधल्या भोकापर्यंत धागा ताणायचा, की सायकलच्या आऱ्यांसारखा ताणा तयार. मग मधूनच बाण्याचा, म्हणजे वरखाली विणत न्यायचा, धागा सुरू करायचा : एका आरीच्या वरून, दुसरीच्या खालून, असं गोल गोल. धाकट्याला तसलंच हवं होतं. थाळी मिळाली, कात्री मिळाली, शिकवणी मिळाली नाही. त्यानं थाळी दुमडून, परत दुमडून, परत दुमडून घड्यांवर खाचा पाडल्या आणि घड्यांच्या मध्ये एकेक. व्यवस्थित सोळा. आईच्या खाचा वाकड्यातिकड्या होत्या, याच्या कशा सरळ! पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला धागा पुन्हा त्याच आऱ्यांच्या वरून आणि त्याच आऱ्यांच्या खालून जायला लागला. वीण धरेचना. ओढलं की सगळं घसरून मधे गोळा.

"आई, हे मुद्दाम करतंय!"

आई गप्प. घड्याळात अकरा वीस. तो रडला, त्यानं थाळी फेकली, परत आणली. थोरला लांबून म्हणाला, "चुकलास बे तू कुठं तरी." मग दोघांनी मिळून उसवलं आणि परत घातलं, परत तेच. थोरल्यानं आईच्या थाळीच्या खाचा मोजल्या : सतरा. याच्या मोजल्या : सोळा. "एक जास्त पायजे." "मावत नाही." "मावव." त्यांनी दोन खाचांच्या मध्ये कात्रीनं एक कुरूप सतरावी खाच पाडली. आता फेरा पुरा होऊन परत आला तेव्हा जिथे वरून गेला होता तिथे खालून जावं लागलं. वीण बसली. धाकट्याचं तोंड बघण्यासारखं होतं, पण मी थोरल्याचं बघत होते. त्यानं स्वतःहून रद्दीच्या पुठ्ठ्यावर पाच, सहा, सात, आठ खाचांच्या चार चकत्या कापल्या आणि बारा वाजेपर्यंत त्या चारही विणून बघितल्या. पाच धरते, सहा धरत नाही, सात धरते, आठ धरत नाही.

सम आणि विषम संख्या मी पोरांना मणी आणि जोड्या लावून शिकवत आले. वर्गात त्या दोन दिवसांत होतात. पण विषम संख्येचा काही उपयोग असतो, असं माझ्या वर्गातल्या कुणाला वाटलं असेल का, मला शंका आहे.

त्या तासात "आई" ही हाक दोनदा आली. पुढच्या महिनाभरात मी पाच-सहा वेळा मोजलं, शिकवणीच्या तासातही हाका दहाच्या आत आल्या होत्या. वेळापत्रक तिनं स्वतःच फाडलं. आता सकाळी साडेसात ते नऊ वाचन-गणित, अकरा ते बारा ज्याचं त्याचं काम, दुपारी काही नाही, संध्याकाळी बाहेर. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकला की सकाळ आणखी अलीकडे ओढावी लागणार, तो प्रश्न पुढचा.

बापानंही मग अंग घातलं. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारी यंत्रणा. बऱ्याच कारखान्यांत आता ती इलेक्ट्रॉनिक झालीय, त्यामुळे जुनी पुठ्ठ्याची भोकांची कार्डं भंगारात जातात. त्यातली मूठभर तो घेऊन आला आणि कंदिलासमोर धरावीत तशी बल्बसमोर धरून पोरांना दाखवली. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो, वर जाणारी पाती त्याला धरून उचलते, ताण्याचा धागा वर. भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक पातीवरून सुटतो, धागा खालीच. एका कार्डाला एक बाणा. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेली ही युक्ती, आणि आपल्या चादरीवरचा मोर त्याच्यावरच उभा. थोरल्यानं चौकटीच्या वहीत बारा बाय बाराचा पतंग काढला आणि ओळीनं वाचून दाखवला : "खाली खाली खाली वर वर खाली..." डावीकडून उजवीकडे, एकही घर न गाळता. हाच मुलगा वाचताना ओळी गाळायचा.

इरवै एडु

थोरल्याची दुसरी अडचण आकड्यांची. सत्तावीस लिही म्हटलं की बहात्तर. यात त्याचा दोष अर्धाच. मराठीत आपण सात आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहितो मात्र उलटं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" असं म्हणायची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मी विरोधकांत होते. शिक्षकखोलीत तावातावानं बोलले होते.

इथे झालं असं, की नानम्मा एकदा मटार सोलताना पोराला मोजायला बसवून तेलुगूत मोजत होती. इरवै आरु, इरवै एडु. इरवै म्हणजे वीस, एडु म्हणजे सात. बहात्तर म्हणजे डेब्बै रेंडु, सत्तर दोन. बोलाल तसंच लिहा. तोपर्यंत तेलुगू ही घरात "अभ्यासाच्या वेळी नको" या यादीत होती, आईनंच घातलेली. मी म्हटलं, अगं, यादी काढून टाक आणि सासूबाईंना बोलव. आता थोरला मनात तेलुगूत मोजतो आणि मराठीत उत्तर देतो. सोलापुरात निम्मा बाजार असाच चालतो. पाढे मात्र मराठीतच, कारण "बे एके बे"ची लय नानम्मालाही मान्य आहे.

या घरशाळेच्या विरोधात सगळ्यात मोठा आवाज नानम्माचाच होता. "पोरं घरात ठेवून काय, विड्या वळायला लावणार?" आता त्या स्वतः गणिताच्या बाई झाल्यापासून आवाज बराच खाली आलाय.

वाचनाचं वळण जानेवारीत लागलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत आठवडाभर अभ्यास शून्य. सात नंदीध्वज, त्यामागे पळणारी पोरं, अडुसष्ट लिंगांपैकी कुठली कुठली बघून झाली त्याची यादी. आईला अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, शाळेतही त्या दिवसांत कोण असतं? त्याच गर्दीत, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थोरल्यानं विचारलं, हे कोण. १९३० ला सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, एवढं मी सांगितलं. घरी येऊन नावं पाटीवर लिहून दिली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, जोडाक्षरांचा अख्खा धडा यात आहे. ल्ल, प्प, ट्ट, श्र, ष्ण, न्न, वर अनुस्वार आणि रफार. त्याला ते धडा वाटलं नाही, माणसं वाटली. त्यानं पाऊण तास घेतला आणि चारही नावं वाचली. पाटी उलटी धरून मी खात्री केली. या वेळी तो थांबला आणि म्हणाला, "बाई, उलटी आहे."

पाण्याचा दिवसही कामाला आला. दोनशे लिटरचं पिंप, पंधरा लिटरची बादली. "तेरा बादल्या आणि पाच तांबे," असा हिशेब थोरल्यानं लावला. तांबे लिटरचे आहेत का, हे त्यानं दुधाच्या पिशवीनं तपासलं. निम्मं दूध ओट्यावर सांडलं ते वेगळं.

कागद

इथे मी तिला गोड बोलले नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयासाठी. त्यात घरी शिकवण्याची वेगळी तरतूद नाही. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, दहावं कलम. न केल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. "चालतं" आणि "कायद्यात बसतं" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तिनं त्या वेगळ्या समजूनच निर्णय घ्यावा, असं माझं म्हणणं.

दुसऱ्या बाजूनं दारं बंदही नाहीत. चौथ्या कलमानुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मुक्त शिक्षणाचा मार्ग आहे : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या ए, बी, सी या पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीची परीक्षा घेतं. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. मी तिला जन्मदाखले, आधार, जुन्या शाळेचा दाखला आणि दर महिन्याच्या कामाचे नमुने एका फाइलीत लावायला सांगितलं. जॅकार्डचा पतंग त्या फाइलीत आहे. थाळी मावत नाही.

जे अजून तसंच आहे

धाकट्याचं अक्षर भयंकर आहे आणि लिहायला बसवलं की तो टेबलाखाली जातो. इंग्रजी जवळजवळ थांबलंय. ही मला खरी चिंता वाटते, आईला कमी वाटते. गल्लीतली पोरं संध्याकाळीच भेटतात आणि परीक्षा आल्या की तेही नाही. आईची कमाई जूनपासून शून्य होती, आता पट्ट्यांच्या तीन मागण्या आल्यात. त्या अकरा ते बारामध्ये पुऱ्या होणार नाहीत, त्यामुळे ती रात्री जागते. डोळ्यांखाली काळं दिसतं. नवऱ्याला मी दोनदा बोलले. त्यानं पाण्याचा दिवस स्वतःकडे घेतलाय, पाळी जुळली तर.

आणि थोरला परवा म्हणाला, मला जूनपासून शाळेत जायचंय. खो-खोची टीम असते म्हणून. आई हे ऐकून आत गेली. मी तिला बोलावलं नाही. नववं सरलेलं असेल, चौथीत बसेल, मराठी माध्यमात घातलं तर निभावेल, असं माझं मत मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती "बघू" म्हणाली. धाकट्याचा प्रश्नच येत नाही, तो टेबलाखालून नाही म्हणतो.

थोरला काल पाटी घेऊन खाली आला होता. म्हणाला, "बाई, शाळेत अकरा ते बारा काय असतं?"

मी खरं ते सांगितलं. दुसरा तास असतो.